बाजूच्या गाठी

वडगावात आमच्याकडे गाठ म्हणजे वाईट गोष्ट नव्हे.
तुटलेला धागा दोन बोटांत धरायचा,
थुंकी लावायची, पीळ द्यायचा
आणि गाठ इतकी बारीक बसवायची
की तिच्यावरून जाताना फणीलाही कळू नये.
चाळीस वर्षं हेच केलं.
मोजल्या नाहीत कधी.

डॉक्टर हुक्केरी मोजतात.
पडद्यावर माझ्या ओटीपोटाचा काळापांढरा काप,
त्यावर पेनाचं टोपण टेकवून म्हणाल्या,
'इद गंटु, नोड्री.'
मग मराठीत, 'ही गाठ. आठ मिलिमीटर.'
मला पहिल्यांदाच कळलं होतं.

अठ्ठावीस वेळा किरणं घेतली, बरोबर गोळ्या.
अठ्ठावीस वेळा खासबागेच्या स्टॉपवर
उभा राहिलो, बसायची सोय नव्हती,
म्हणजे बाक होता, मला बसवत नव्हतं.
गुदाशयातली मोठी गाठ आक्रसत गेली.
डाव्या अंगाची ही,
हाडाच्या भिंतीला पाठ लावून बसलेली,
हलली नाही.

'काही जण म्हणतात, तिथवर पोचलं म्हणजे हद्दीबाहेर गेलं.
काही म्हणतात, अजून आपल्याच हद्दीत आहे, काढता येतं.'
'तुम्ही काय म्हणता?'
'मी काढते.'
हद्द कुठवर, हा वाद आमच्या गावाला नवा नाही.
इतकं सरळ उत्तर मात्र
मी पहिल्यांदा ऐकलं.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.
गाठीला लागून मोठी रक्तवाहिनी जाते.
एक मज्जातंतू जातो, मांडी मिटवणारा.
वडलांच्या खड्ड्यातल्या मागावर
पावड्या दाबून मांड्या भरून यायच्या,
ते आठवलं उगाच.
आणखी काही तंतू, सुताहून बारीक.
त्यांना धक्का लागला तर लघवी अडेल,
आणि, त्यांनी टोपण पेनाला लावलं,
'नवराबायकोचं.'
मी फरशीकडे बघितलं.
यल्लूबाई म्हणाली, 'ते सोडा, डॉक्टरबाई.
हे रात्री घोरतात, तेवढं काढता येईल का?'
डॉक्टर हसल्या. मी नाही.
परतताना बसमध्ये तिनं माझा हात धरला,
पदराखाली,
कुणाला दिसणार नाही असा.

फॉर्म कानडीत होता. धाकट्या लेकीनं वाचून दाखवला,
एका ओळीला थांबली,
पुढची वाचली.
सही मी मराठीत केली.

आठ तास.
शुद्ध आली तेव्हा पोटावर पिशवी,
कुशीतून नळी, नळीत गुलाबी पाणी.
शेजारच्या खाटेवर गोकाकचा एक म्हातारा.
'गंटु एष्ट तेगदरु?'
'गोत्तिल्ल,' मी म्हणालो.
'नंदु हदिनाल्कु,' तो म्हणाला,
बाजारात चौदा शेरडं विकून आल्यासारखा.

रिपोर्ट आला पंधरवड्यानं.
डाव्या बाजूच्या अकरा.
अकराही मेणात बसवून, पातळ कापून, रंग देऊन बघितल्या.
रोग एकीत.
यल्लूबाईनं विचारलं, 'मग बाकीच्या दहा उगाच?'
डॉक्टर थोडा वेळ बोलल्या नाहीत.
'कुठली ते बाहेरून कळत नाही,' म्हणाल्या.

आता संध्याकाळी डावं पाऊल सुजतं.
पाटावर ठेवतो.
पिशवीचा आवाज होतो, पाहुण्यांपुढेसुद्धा,
होऊ दे.
लघवी होते. बाकीचं विचारू नका,
आम्हीही अजून विचारलेलं नाही.
तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

काल मागापाशी बसलो होतो, नुसताच.
धागा तुटला. पोरानं माग थांबवून
सांधला, मला न बघता.
'मोठी झाली,' मी म्हणालो.
'चालतंय, दादा.'
'चालत नाही. काप. परत बांध.'
त्यानं दातानं कापली,
थुंकी लावली, पीळ दिला.
खटका दाबला.
फणी आली, गेली.
मी कापडावर बोट फिरवून बघितलं,
कुठं होती ते.